मानपाडा ते मानपाडा

ठाणे जिल्ह्यात दोन मानपाडे आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडवर. दुसरा डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन मिळतो तिथे. दादा पहिल्या मानपाड्यात राहतो, मी दुसऱ्या. या एका गोष्टीमुळे आजवर एक वाढदिवसाचा केक, एक गॅसची शेगडी आणि एक अख्खी आत्या चुकीच्या मानपाड्यात पोहोचली आहे. आत्या तर ठाण्यात रिक्षातून उतरून मला फोनवर ठणकावत होती, "मी मानपाड्यातच उभी आहे गं. तूच चुकीच्या ठिकाणी राहतेस."

२०२४ साली जवळजवळ दर रविवारी मी मानपाड्याहून मानपाड्याला जात होते. डोंबिवलीहून लोकल, ठाण्याला उतरायचं, पश्चिमेकडून बस मिळाली तर बस नाहीतर रिक्षा, मग माजिवडा, कापूरबावडी आणि मेट्रोच्या खांबांच्या रांगेतून रखडत पुढे. डब्यात कधी शेवग्याची आमटी, कधी नुसते लाडू. कारण एकच. दादा अल्बम करत होता. बावन्नाव्या वर्षी. गिटार सोडल्याला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर.

तुम्ही विशीत असाल तर तुम्हाला रंगभवन माहीत असायचं कारण नाही. मुंबईत धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी ते उघड्यावरचं नाट्यगृह. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव तिथे अनेक वर्षं भरायचा. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथला आवाज बंद झाला. पण नव्वदच्या आसपास ठाण्याची, डोंबिवलीची पोरं काळे टी-शर्ट घालून तिथे जायची आणि शेवटच्या लोकलने घसा बसवून परत यायची. दादा त्यातलाच. आई दार उघडताना म्हणायची, "आले रंगून."

त्या पोरांचा देव होता 'रॉक मशीन'. १९८४ साली मुंबईत सुरू झालेला बँड. तेव्हा कॉलेजातले बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवायचे. जितकं हुबेहूब तितक्या टाळ्या. यांनी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' नावाचा अख्खा अल्बम काढला. १९९० साली दुसरा, 'द सेकंड कमिंग'. उदय बेनेगल गायचा, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि गिटारवर महेश तिनईकर. या तिसऱ्या नावावर दादाचा विशेष जीव. आपल्यासारखं आडनाव असलेला माणूस असं वाजवू शकतो, हाच त्याच्यासाठी मोठा धक्का होता. १९९३ साली बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, १९९५ साली त्याच नावाचा अल्बम आला, आणि १९९७ साली बँड फुटला.

दादाचा बँड त्याच्या एक वर्ष आधीच संपला होता. तो बँड तुम्ही ऐकलेला नाही. तो कुणीच फारसा ऐकलेला नाही. ठाण्यातल्या चार पोरांचा बँड, दोन गणपती उत्सव आणि सहा-सात कॉलेजांचे कार्यक्रम, एवढंच.

१९९६ साली, मी दहावीत असताना, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. दादाने महिन्याभरात नोकरी धरली आणि गिटार माळ्यावर टाकली. माझी कॉलेजची फी त्याच्या पगारातून गेली. आमच्या घरात ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगितली जायची. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी म्हणणारच, "पोराने घरासाठी गिटार सोडली हो." मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून जेवत राहायचे.

*

दादाने स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा माळ्यावरची गिटार काढली. तिची मान वाकली होती, तारांना गंज होता. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, "काका, ही आता भिंतीवर लावा." म्हणून नवी घेतली. एक ऑडिओ इंटरफेस घेतला, म्हणजे गिटार आणि माइक लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी. एक माइक. आणि मुलगी पुण्याला शिकायला गेल्यामुळे रिकामी झालेली आतली खोली.

पहिला महिना नुसता बोटांत गेला. गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेले असतात. वाजवणं सोडलं की ते काही महिन्यांत जातात. मग परत पहिल्यापासून, आधी दुखणं, मग फोड, मग कातडी जाड होणं. वहिनी म्हणाली, "रोज रात्री बोटं मिठाच्या पाण्यात. घरात लहान मूल आल्यासारखं झालंय."

एप्रिलमध्ये त्याने मला पाच गाणी ऐकवली. कच्ची रेकॉर्डिंग्ज. खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावले आणि स्वतः खिडकीशी पाठ करून उभा राहिला.

गाणी वाईट नव्हती. खरी अडचण तीच होती. ती नीट वाजवलेली, नीट जुळवलेली गाणी होती, १९९२ सालची. इंग्रजीतून एक मुलगा घर सोडून लांबच्या रस्त्याला लागत होता. एका मुलीचे केस वाऱ्यावर उडत होते. बावन्न वर्षांचा माणूस, ज्याला मी मधुमेहाच्या गोळ्या मोजून डबीत भरताना बघितलंय, तो विशीचा आवाज काढून गात होता. उंच सुरांवर गळ्याच्या शिरा ताणल्याचं ऐकू येत होतं.

मी हेडफोन काढले आणि म्हटलं, "छान आहे."

तो वळला. "छान म्हणजे?"

"म्हणजे छान."

स्वयंपाकघरात वहिनीने भांडं जरा जोरात ठेवलं.

*

परतीच्या गाडीत मी फोनवर 'इंडस क्रीड' शोधलं. दादा सारखा तिनईकर, तिनईकर करत होता म्हणून. मला वाटलं होतं १९९७ ला विषय संपला असेल. संपला नव्हता. २०१० साली हे लोक पुन्हा एकत्र आले आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला, 'इव्हॉल्व्ह'. आठ गाणी. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. आणि मला, जिच्या घरात यांच्या कॅसेट घासून घासून आवाज गेला होता, तिला याचा पत्ताच नव्हता.

कळवा ते डोंबिवली मी तो अल्बम ऐकला. मग घरी जाऊन पुन्हा, भांडी घासताना.

मधल्या काळात उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला होता. तिथे बँडचाच जुना गिटारवादक जयेश गांधी याच्याबरोबर 'आम्स फॉर शांती' नावाचा वेगळाच प्रयोग केला होता. परत येऊन जुनी मंडळी जमली तेव्हा त्यांच्यासमोर सोपा रस्ता होता. लोकांना 'टॉप ऑफ द रॉक' हवं होतं, 'प्रिटी चाइल्ड' हवं होतं. चाळिशी-पन्नाशीतले प्रेक्षक स्वतःची तरुणाई ऐकायला तिकीट काढतात आणि जुनी गाणी वाजवून कितीतरी बँड जगभर सुखाने जगतात. त्यात पाप काही नाही.

यांनी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने ठेवले. बेसवर रशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी, हे दोघे पुढच्या पिढीतले. रॉक बँडमध्ये बेस आणि ड्रम्स म्हणजे घराचा पाया. गाणं कुठल्या चालीने चालणार, कुठे थांबणार, कुठे जोर येणार, हे तिथून ठरतं. जुन्या गवयांनी नवे तबलजी घेतले की ठेका बदलतो आणि मग गवयाला आपली जुनी सवय तशीच्या तशी वापरता येत नाही. मला वाटतं 'इव्हॉल्व्ह'मध्ये हेच झालंय. 'फायरफ्लाइज' ऐका. गाणं तुमच्या अंगावर धावून येत नाही. आवाज वर चढायची घाई करत नाही. गिटार जागा सोडून वाजते. हे लोक सतरा वर्षं कुठेतरी होते, हे ऐकू येतं.

आणि एकत्र आल्यापासून अल्बम हातात येईपर्यंत दोन वर्षं लागली. शेवटचं मिक्सिंग टिम पामर या ब्रिटिश माणसाकडून करून घेतलं. मिक्सिंग म्हणजे काय, तर प्रत्येक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड झालेलं असतं. त्यातलं कोण पुढे उभं राहणार, कोण मागे, कोण डाव्या कानात, कोण कुठल्या क्षणी गप्प बसणार, हे ठरवायचं. लग्नाच्या ग्रुप फोटोसारखं. पर्ल जॅमच्या 'टेन' या १९९१ च्या अल्बमचं मिक्सिंग याच पामरने केलं होतं. ते काम इंग्लंडमधल्या आडबाजूच्या एका शेतातल्या स्टुडिओत चाललं होतं. एका गाण्याला तालवाद्य हवं होतं आणि जवळपास भाड्याने वाद्य देणारं दुकान नव्हतं. तेव्हा त्याने मिरपुडीची बाटली खुळखुळवली आणि आग विझवायचं नळकांडं वाजवलं. ते अल्बममध्ये आहे.

त्या रात्री मी आणखी एक गोष्ट वाचली. डेव्हिड बोवीने २००३ नंतर दहा वर्षं नवा अल्बम काढला नव्हता. लोकांनी तो निवृत्त झाला असं धरून टाकलं होतं. तो न्यूयॉर्कमध्ये गुपचूप रेकॉर्डिंग करत होता. वादकांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. २०१३ च्या ८ जानेवारीला, सहासष्टाव्या वाढदिवशी, त्याने एक गाणं सोडून दिलं आणि मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' आला. त्याचं मुखपृष्ठ म्हणजे त्याच्याच १९७७ च्या प्रसिद्ध अल्बमचं मुखपृष्ठ, फक्त चेहऱ्यावर पांढरा चौकोन चिकटवलेला. जुना चेहरा आहे, पण तो तुम्हाला बघायला मिळणार नाही.

दादाने पांढरा चौकोन लावला नव्हता. तो जुना चेहराच घालून बसला होता.

*

पुढच्या रविवारी मी सांगितलं. कसं सांगायचं ते गाडीत घोकत गेले होते. त्यातलं काही आठवलं नाही.

"दादा, हा गाणारा मुलगा कोण आहे? मी त्याला ओळखत नाही."

तो काही बोलला नाही. मी 'इव्हॉल्व्ह'बद्दल सांगायला लागले. तो म्हणाला, "माहितीये मला. आला तेव्हाच ऐकलाय."

"मग?"

"मग काय. ते ते आहेत."

त्याने लॅपटॉप बंद केला. मी डबा ठेवला आणि निघाले. जिन्यात मला रडू आलं. ज्या माणसाने तुमच्यासाठी गिटार सोडली, त्याने ती परत हातात घेतल्यावर तुम्ही त्याला काय सांगता, तर जमत नाहीये. मी स्वतःला शिव्या दिल्या. तीन आठवडे त्याचा फोन नाही, माझा नाही. चौथ्या आठवड्यात मेसेज आला. "रविवारी ये. आमटी आण."

जेवण झाल्यावर वहिनी पडायला गेली आणि त्याने सांगितलं.

१९९६ साली त्यांच्या बँडला एका स्टुडिओत बोलावणं आलं होतं. स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड करायला. पैसे चौघांनी मिळून जमवले होते. ठरल्या दिवशी दादा गिटार घेऊन निघाला, दादरला उतरला आणि फलाटावरच्या बाकावर बसला. दोन तास बसला. मग समोरच्या फलाटावर जाऊन ठाण्याची गाडी पकडली.

"का?"

"टरकली. दुसरं काही नाही. स्टेजवर काय, आवाज मोठा असतो, चुकलं तरी पुढे जातं. तिथे टेपवर राहणार होतं. आपण जसे आहोत तसंच राहणार होतं."

बँड त्याच आठवड्यात फुटला. बाबा त्यानंतर महिन्याभराने पडले.

"मग सगळे म्हणायला लागले, पोराने घरासाठी सोडली. मी नाही म्हटलं नाही. कोण नाही म्हणेल?"

मला हलकं वाटायला हवं होतं. मला राग आला. इतका की मी उठून गॅलरीत गेले. खाली मेट्रोच्या कामाचे पत्रे, पाण्याचे टँकर, रविवार असूनही गच्च भरलेला घोडबंदर रोड. मला शिकायचं होतं ते वेगळं होतं. मी बँकेची परीक्षा दिली, कारण ज्याचे पैसे खर्च झालेत त्याला लवकर मोकळं करावं. अठ्ठावीस वर्षं मी कुणाच्या तरी त्यागावर राहणाऱ्या माणसासारखी जपून राहिले. भाडं वेळेवर देणाऱ्या भाडेकरूसारखी. आणि हा म्हणतो, टरकली.

फी मात्र त्यानेच भरली होती. तेही खरं. नोकरी करायची गरज होती, तेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माणसाला भांडताही येत नाही.

आत येऊन मी म्हटलं, "याचं गाणं कर."

"कशाचं?"

"त्या बाकाचं."

*

पाचही गाणी त्याने काढून टाकली. खोडली नाहीत, एका फोल्डरमध्ये ठेवली आणि फोल्डरला नाव दिलं 'माळा'.

वरच्या मजल्यावर एक तेवीस वर्षांचा मुलगा राहतो, ड्रम्स वाजवतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्याविरुद्ध तक्रारी करणाऱ्यांत दादाही होता. आता दादाने त्यालाच खाली बोलावलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काका, तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी घाई करताय. कुणी उठून जाणार आहे का?" दादाला ते लागलं. पण त्याने गिटारच्या सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. सगळं गाणंच खाली आलं आणि आवाजाला जागा मिळाली. वय झालं की कितीतरी गायक हेच करतात. यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते मान्य करायला त्याला दोन रविवार लागले.

खोलीच्या भिंतींना आईच्या गोधड्या लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद. कुकर लावायचा नाही, असं वहिनीला सांगायची जबाबदारी माझ्यावर. रस्त्यावरचे हॉर्न, मेट्रोची यंत्रं, मंदिरातली आरती, भंगारवाला, हे सगळं टाळून रेकॉर्डिंगला खरा वेळ उरायचा दुपारी दोन ते साडेतीन. घामाने गिटार हातातून निसटायची. एका चांगल्या टेकमध्ये शेवटी टँकरचा रिव्हर्स हॉर्न आला. मुलगा म्हणाला, पुन्हा करू. दादा म्हणाला, "राहू दे. इथेच तर केलंय."

दादरच्या बाकाचं गाणं सर्वांत शेवटी आलं. ते मराठीत आलं. त्याने ठरवलं नव्हतं, तो म्हणाला, त्या बाकावर बसून मी इंग्रजीत काही विचार केला नव्हता. त्या गाण्यात त्याला गाडीचा आवाज हवा होता, पण रेकॉर्ड केलेला नको होता. मुलाने झांजा वाजवून बघितल्या, ब्रश वापरून बघितले. मला मिरपुडीची बाटली आठवली. मी स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणला, अर्धा भरलेला, स्टीलचा. मांडीवर आडवा धरून मागे-पुढे हलवला. तांदूळ या टोकाकडून त्या टोकाला सरकले. गाडी फलाट सोडताना जसा आधी हळू, मग सलग आवाज येतो, तसा.

दादाने माइक माझ्याकडे वळवला.

आम्ही ते अकरा वेळा केलं. सातव्या वेळेला डब्याचं झाकण उघडलं आणि अर्धा किलो कोलम माइकवर सांडला. अकराव्या वेळी गाणं पूर्ण झालं तेव्हा तो शेवटची ओळ गाऊन गप्प बसला होता आणि मी डबा हलवतच राहिले होते. मुलाने खूण केली, थांबा. नंतर मिक्सिंग करताना त्याने तो भाग कापला नाही. दादाचा आवाज संपल्यावर नऊ सेकंद नुसती गाडी जाते.

*

अल्बम जानेवारीत इंटरनेटवर चढवला. चार गाणी, म्हणजे नियमाने त्याला अल्बम म्हणता येत नाही. दादा अल्बमच म्हणतो. १९८८ साली तुमचं गाणं लोकांपर्यंत जायला कॅसेट काढणारी कंपनी लागायची. आता काहीच लागत नाही, आणि म्हणूनच रोज चढणाऱ्या गाण्यांच्या ढिगात तुमचं गाणं सापडणं कठीण. पहिल्या महिन्यात जेवढ्यांनी ऐकलं तेवढी माणसं आमच्या मुंजीला येतात. बहुतेक तीच होती.

त्याच्या जुन्या बँडमधल्या ड्रमरने ऐकलं. तो आता कॅनडात आहे. अठ्ठावीस वर्षांनी त्याचा मेसेज आला. "म्हणजे तू दादरपर्यंत आला होतास?" दादाने मला तो स्क्रीनशॉट पाठवला, वर काही न लिहिता.

लोक विचारतात, मग आता पुढे काय? कार्यक्रम करणार का? त्याला कुणी बोलावलेलं नाही. आणि मी त्याला पूर्ण माफ केलंय असंही नाही. परवा एका साखरपुड्यात कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं, "पोराने घरासाठी गिटार सोडली हो." मी मान खाली घातली नाही, दादाकडे बघितलं. त्याने पुरणपोळीचा घास खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही हो काका. ती मी त्याच्या आधीच सोडली होती." काकांना काही कळलं नाही. त्यांनी तूप वाढायला सांगितलं.

आत्याने मात्र चारही गाणी ऐकली. फोन करून म्हणाली, "गाणं काय मला कळत नाही. पण ते शेवटी नावं लिहिलीयत ना, ते वाचून घेतलं सूनबाईकडून." त्यात दादाचं नाव आहे, मुलाचं आहे, गोधड्यांसाठी आईचं आहे. आणि सगळ्यांत खाली, तांदळाचा डबा, असं लिहून पुढे माझं.

"रेकॉर्डिंग स्थळ मानपाडा लिहिलंय," आत्या म्हणाली. "कुठला ते नाही लिहिलं. लोक चुकतील."